सुचतं कुठून, सुचतं केव्हा : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत चित्रकार आहेत, गाणाऱ्या आहेत, मालिकांचे संवाद लिहिणारे आहेत आणि एक निवृत्त बँक अधिकारीही आहेत. विषय वेगवेगळे, पण बहुतेक पत्रांच्या पोटात एकच शंका आहे : इतरांना सुचतं तसं मला सुचत नाही, माझ्यात काही कमी आहे का? सगळ्यांना मिळून देता येईल असं याचं उत्तर नाही, म्हणून एकेका पत्राला वेगळं उत्तर दिलं आहे. चित्रांबद्दल एकाने, गाण्याबद्दल दुसऱ्याने आणि लेखनाबद्दल तिसऱ्याने लिहिलं आहे. कुठे सूर वेगळा लागला तर सांभाळून घ्या.

प्रश्न : उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर सांगतात, ‘आधी डोळ्यांसमोर चित्र आणा, मग कागदावर उतरवा.’ मी डोळे मिटले की नुसता काळोख. आईचा चेहरासुद्धा दिसत नाही. वर्गात मात्र माझं ड्रॉइंग बरं समजतात. मी इलस्ट्रेटर होऊ शकेन का? (अ. म., दादर)

होऊ शकाल. सरांच्या डोळ्यांसमोर चित्र येत असणार, म्हणून ते सगळ्यांच्याच येतं असं धरून चालले आहेत. फ्रान्सिस गाल्टनने १८८० साली लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगितलं होतं. काहींना बशीवरची नक्षी दिसली, काहींना काहीच दिसलं नाही. न दिसणाऱ्यांना तर ‘मनात चित्र दिसतं’ ही नुसती बोलण्याची पद्धत वाटत होती. २०१५ साली ॲडम झेमन या मेंदूतज्ज्ञांनी या न दिसण्याला ‘ॲफँटेशिया’ असं नाव दिलं. हा आजार नाही. डिस्नेचे नावाजलेले ॲनिमेटर ग्लेन कीन यांनाही मनात चित्र दिसत नाही, आणि पिक्सारच्या संस्थापकांपैकी एड कॅटमल यांनाही नाही.

अशा चित्रकाराचं चित्र घडतं ते कागदावर. कीन यांची पद्धत साधारण अशीच आहे : आधी रेघांचा गुंता करायचा, मग त्यातून आकृती शोधत जायची. तेव्हा ‘आधी पाहा, मग काढा’ हा क्रम उलटा करून टाका.

२ बाय ३ इंचाच्या चौकटी आखा, एका पानावर १२. प्रत्येक चौकटीला दोन मिनिटं. हातात पेन्सिल नको, जाड मार्कर हवा, आणि टोन फक्त तीन : कागदाचा पांढरा, एक करडा, एक काळा. पेन्सिल असली की चौथ्या चौकटीतच तुम्ही नाकडोळे काढायला लागाल आणि मांडणी राहून जाईल. पहिल्या चार-पाच चौकटी सगळ्यांच्याच नेहमीच्या ठेवणीतल्या येतात. मनात चित्र न येणाऱ्यांची खरी मांडणी बहुधा आठव्या-नवव्या चौकटीपासून सापडायला लागते. म्हणून पाचवर थांबायचं नाही. आवडलेल्या दोन चौकटींवर बटर पेपर टाका आणि मोठं करताना फक्त एकच गोष्ट बदला, एक तर क्षितिजरेषा, नाही तर आकृतीचा आकार.

संदर्भासाठी फोटो लागणारच, त्यात कमीपणा नाही. पण मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. हातभर अंतरावरून चेहरा टिपला तर नाक फुगतं आणि कान मागे जातात, आणि तेच तुम्ही इमानेइतबारे काढता. दोन मीटर मागे सरका, दुप्पट झूम करा, मग टिपा.

स्मरणचित्राचा सरावही होतो, फक्त तो शब्दांतून करायचा. सीएसएमटीच्या सबवेत बसलेल्या माणसाकडे पाहताना मनाशी बोला : ‘डावा खांदा उतरलाय, वजन उजव्या कुल्ल्यावर, पिशवी गुडघ्याच्या खाली टेकलेली.’ पाच वाक्यं झाली की तोंड फिरवा आणि त्या वाक्यांवरून काढा. डोळे मिटून ‘दिसतंय का’ असं पुन्हा पुन्हा तपासत बसू नका, त्यात वेळ फुकट जातो.

प्रश्न : गिरगावात चाळीत राहतो, खिडकीपाशी जलरंगात काम करतो. जानेवारीत बैठक लागायची, एका बसणीत चित्र व्हायचं. जूनपासून पाचातली चार वाया जातात. वॉशमध्ये (पातळ रंगाच्या सपाट थरात) डाग पडतात, कडा फुटतात. रंग तेच, ३०० जीएसएमचा जाड कागदही तोच. प्रतिभा आटली की काय असं वाटतं. (वि. के., गिरगाव)

प्रतिभेचं नंतर बघू, आधी कागद बघा. पावसाळ्यात मुंबईत हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि जलरंगाचा सगळा खेळ पाणी किती वेळात उडतं यावर चालतो.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या दुखण्यांची सरमिसळ झालेली दिसते. डाग फिकट असेल आणि त्याची कड फुलकोबीसारखी कुरतडलेली, गडद असेल, तर अर्धवट सुकलेल्या वॉशमध्ये जास्त ओला ब्रश गेलाय. ते पाणी रंगाचे कण ढकलत नेतं आणि कडेला साठवतं. डाग गडद असतील, ठिपक्या-ठिपक्यांचे असतील, रंग लावल्या लावल्या उमटत असतील आणि काही केल्या निघत नसतील, तर कागदाची खळ गेली आहे. चांगल्या जलरंगी कागदाला जिलेटिनची किंवा तत्सम खळ असते. तिच्यामुळे रंग वर तरंगतो, लगेच आत झिरपत नाही. दमट हवेत ही खळ कुजते, मग तेवढ्या जागा टीपकागदासारख्या होतात.

तपासायचं असं : तावाच्या कडेची बोटभर पट्टी घ्या, स्वच्छ पाण्याचा सपाट हात द्या आणि तिरपी धरून उजेडात बघा. सगळीकडे सारखी चकाकी राहिली तर कागद ठीक. मधेच मंद ठिपके दिसले तर तो कागद जलरंगासाठी मेला. फेकू नका, चारकोल, पेस्टल, ॲक्रिलिकला चालतो. बाकीचे ताव जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेपने बंद करा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि गठ्ठा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. रंग बदलणारे दाणे घेतलेत तर ते केव्हा भरले ते कळतं. सूट आहे म्हणून मे महिन्यात २५ ताव घेऊन ठेवायचे आणि ऑगस्टमध्ये नशिबाला दोष द्यायचा, हे बऱ्याच घरांत चालतं.

आता पहिल्या दुखण्याकडे. भिजलेला कागद चार अवस्थांतून जातो : पाणी साचलेलं दिसतं, मग नुसती चकाकी, मग चकाकी जाते पण हाताला गार लागतो, मग सुका. पहिल्या दोन अवस्थांत रंग सोडला तर तो मऊ पसरतो. तिसरीत हात लावला की फुलकोबी. जानेवारीत ही तिसरी अवस्था चटकन सरते आणि तुमच्या ध्यानातही येत नाही. जुलैत ती लांबतच जाते. तुमचा हात मात्र जानेवारीच्याच ठेक्यावर चाललाय, ‘एवढा वेळ झाला, आता सुकला असेल’ म्हणत तो नेमका तिसऱ्या अवस्थेत उतरतो. बैठक मोडली असं जे वाटतं, ते बहुधा हेच आहे.

म्हणून पावसाळ्यात वेळ मोजू नका, हाताची मागची बाजू कागदावर टेकवून बघा. गार लागला की थांबा. दुसऱ्या थराचा रंग कागदावरच्या रंगापेक्षा घट्ट कालवा आणि ब्रश फडक्याला टिपून घ्या. पंखा डोक्यावर असला तर ठीक, बाजूला नको, कारण एका अंगाने सुकलं की तिथे ठसठशीत रेघ बसते. हेअर ड्रायर चकाकी गेल्यावरच, वीतभर लांबून, सतत हलता ठेवून. आणि एका चित्राच्या उरावर बसून राहण्यापेक्षा तीन छोटे कागद शेजारी ठेवा, पहिला सुकेपर्यंत दुसरा.

महिनाभर वहीत पाच रकाने भरा : तारीख आणि वेळ, हवा, कागद, झोप, आणि चित्र कुठल्या टप्प्यावर बिघडलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. बिघाड दुसऱ्या वॉशलाच होत असेल तर दोष सुकण्याचा आहे. पहिल्याच मांडणीत होत असेल आणि तेही कोरड्या दिवशी, तर मग मनाबद्दल बोलू.

प्रश्न : मला लहानपणापासून ‘क’ तपकिरी, ‘म’ निळा, ‘सोमवार’ पिवळट दिसतो. मैत्रिणी हसतात. हे कलेच्या दृष्टीने चांगलं की डॉक्टरांना दाखवायचं? (ऋ. स., बोरिवली)

याला ‘सिनेस्थेशिया’ म्हणतात. एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप जागी होते. सगळे प्रकार धरले तर शंभरात साधारण चार जणांना असा काही अनुभव असतो. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांना स्वरसमूहांबरोबर रंग जाणवत आणि ते त्यांनी आपल्या रचनांमध्ये नोंदवूनही ठेवले. खात्री करायची तर सगळी मुळाक्षरं आणि त्यांचे रंग एका कागदावर लिहा, पाकीट बंद करून घरच्या कोणाकडे द्या आणि तीन महिन्यांनी न बघता पुन्हा लिहा. जवळजवळ सगळे जुळले तर ते खरं. लहानपणापासूनचं असेल तर डॉक्टरांची गरज नाही. मोठेपणी अचानक सुरू झालं, डोक्याला मार लागल्यावर किंवा डोकेदुखीसोबत आलं, तर जरूर दाखवा. चित्रं आपोआप चांगली होतील असं मात्र नाही, आणि तुमचा तपकिरी ‘क’ बघणाऱ्याला दिसणार नाही हे मांडणी करताना लक्षात ठेवावं लागेल.

प्रश्न : डोंबिवलीहून फोर्टात ऑफिसला जाते. कविता लिहिते. ओळी येतात त्या गाडीत, तेही उभी असताना. रात्री घरचं आवरून वही उघडली की काही आठवत नाही. नोकरी सोडून लिहिणाऱ्यांनाच कविता जमते का? (सु. प., डोंबिवली)

सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर या संस्कृत कवीने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. घराण्याचं नातं तो महाराष्ट्राशी सांगतो. त्याने कवींची एक वर्गवारी केली आहे ती प्रतिभेवरून नाही, वेळेवरून. दार लावून दिवसरात्र रचना करणारा असूर्यंपश्य. लहर लागेल तेव्हा करणारा निषण्ण. आपली सेवाचाकरी सांभाळून उरलेल्या वेळात लिहिणारा दत्तावसर. आणि काही प्रसंग आला, निमित्त घडलं की लिहिणारा प्रायोजनिक. तुम्ही दत्तावसर आहात, आणि डोंबिवली लोकलच्या कितीतरी आधीपासून ही जात आहे. सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून तीस वर्षं प्रॅक्टिस करत चित्रं काढली. बहिणाबाईंच्या ओव्या तर घरकाम आणि शेतकाम चालू असतानाच आल्या, वही-लेखणीचा प्रश्नच नव्हता. त्या कागदावर आल्या त्या दुसऱ्यांच्या हातून.

तुमची अडचण सुचण्याची नाही, साठवणीची आहे. सकाळी ठाण्यानंतर वही काढायला कोपर हलवायची सोय नसते. फोन काढता येत असेल तर कॉलवर बोलतोय असा कानाला लावा आणि व्हॉइस रेकॉर्डरमध्ये हळू बोला. फोन छातीशी धरून बोललं की गाडीचा खडखडाटच रेकॉर्ड होतो. ओळ म्हणून झाली की ती कशावरून सुचली तेही सांगा : ‘मुंब्र्याचा बोगदा, समोरच्या बाईच्या डब्याचं झाकण.’ हे दुसरं वाक्य जास्त मोलाचं असतं. रात्री ओळ ऐकलीत तर नुसती ओळ मिळते. डब्याचं झाकण आठवलं तर तिच्या पुढची ओळही मिळते.

फोन काढणंही जमणार नसेल तर पूर्ण कडवं पाठ करायचा हट्ट सोडा. तीन शब्द धरा आणि स्टेशनांना टांगा : पहिला घाटकोपरला, दुसरा कुर्ल्याला, तिसरा दादरला. सीएसएमटीला उतरल्यावर इंडिकेटरखाली उभं राहून, ऑफिसात शिरायच्या आत, ते उतरवा. दोन मिनिटं लागतात. रेकॉर्डिंग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी वहीत यावं. आठवडाभराच्या ४० क्लिप साठल्या की त्या कोणी ऐकत नाही.

आणि रात्री नवं लिहायला बसू नका. राजशेखराने कवीचा दिवस चार प्रहरांत वाटला आहे : पहिल्यात अभ्यास, दुसऱ्यात रचना, जेवणानंतर तिसऱ्यात काव्यगोष्टी, आणि चौथ्यात सकाळी केलेल्याची तपासणी. कारण असं देतो की रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याला बरंवाईट निवडायची नजर नसते. तुमचा रचनेचा प्रहर गाडीतच होऊन जातो. रात्रीची वीस मिनिटं तपासणीला द्या : शब्द खोडणं, ओळ तोडणं, कच्ची प्रत पक्की करणं. दमलेल्या डोक्याला तेवढं नक्की झेपतं.

प्रश्न : बँकेतून निवृत्त होऊन तैलरंग शिकतोय. क्लासमधली तरुण मुलं पूर्ण आराखडा करून कॅनव्हासवर जातात. मला रंग लावल्याशिवाय काहीच सुचत नाही, मग खोडाखोड, मग चिखल. आराखड्याची शिस्त लावून घ्यावी का? वय आड येतंय का? (र. जो., विलेपार्ले)

वयाचं सोडून द्या. अर्थतज्ज्ञ डेव्हिड गॅलेन्सन यांनी चित्रकारांची ढोबळ दोन टोकं मांडली आहेत : कल्पना आधी पक्की करून मग रंगवणारे, आणि रंगवत रंगवत शोधणारे. पिकासो पहिल्या टोकाचा, सेझान दुसऱ्या. सेझानने १८९९ साली व्होलार या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र करताना त्याला ११५ वेळा बसवलं, असं व्होलारनेच लिहून ठेवलं आहे. इतकं करून सेझानला समाधानकारक वाटली ती फक्त सदऱ्याची पुढची बाजू. आपल्याकडे वासुदेव गायतोंडे घ्या. जे. जे.मध्ये शिकलेले, पुढे वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. रोलर, पॅलेट नाइफ, ओल्या रंगावर कागद दाबून उचलणं, असं थरावर थर चालायचं, आणि वर्षाला मोजकेच कॅनव्हास व्हायचे. याउलट प्रभाकर बरवे वह्यांमध्ये चित्रांचा विचार रेखाटनं आणि टिपणं यांच्यातून करत राहिले. दोघेही मोठे. (या दोन टोकांच्या मधे बरीच माणसं असतात, आणि गॅलेन्सन ते थोडं कमी सांगतात, असं आमचं मत.)

तुम्ही शोधत जाणाऱ्यांपैकी आहात. आराखडा सक्तीने केलात तर बहुधा तो नीट रंगवाल आणि कंटाळाल. चिखल होतो तो मात्र स्वभावामुळे नाही, क्रमामुळे.

पहिले दोन दिवस फक्त दोन रंग आणि पांढरा, उदाहरणार्थ बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन. रंग टर्पेंटाइनने पातळ करून, पसरट ब्रशने. चिखल होतो तेव्हा बहुतेक वेळा पाच-सहा नळ्या एकदम उघडलेल्या असतात आणि एकमेकांचे विरोधी रंग कॅनव्हासवरच मिसळत असतात. दोन रंगांत कितीही घोळ घाला, करडाच होईल, आणि तो करडा पुढे उपयोगी पडतो.

बदलायचं असेल तर वरून रंग थापू नका, खरवडा. पॅलेट नाइफ जवळजवळ आडवी धरून, रंगावर साय धरायच्या आत, म्हणजे साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत. साय धरल्यावर खरवडलं की चामडं निघाल्यासारखे तुकडे येतात. खरवडल्यावर मागे जी पुसट छाया राहते, ती जपा. शोधत काम करणाऱ्याचा आराखडा तीच.

वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त, कमी कधीच नाही. खाली तेलकट आणि वर पातळ लावलंत तर वरचा आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात. अंबर लवकर सुकतो, टिटॅनियम व्हाइट उशिरा. म्हणून खालच्या थरात जाड पांढरा थापू नका. पार्ल्याच्या पावसात जाड थराला आठवडेसुद्धा लागतात. तोवर दुसरा कॅनव्हास सुरू करा, आणि पहिला भिंतीकडे तोंड करून ठेवा. रोज बघत राहिलात तर रोज काहीतरी बदलाल.

थांबायचं कधी, हा तुमच्यासारख्यांचा खरा प्रश्न. प्रत्येक बैठकीच्या शेवटी मोबाइलवर फोटो काढा आणि दहा बैठकांनंतर ओळीने बघा. निम्म्या वेळा सहावी-सातवी अवस्था दहावीपेक्षा बरी निघते. दोन-तीन चित्रांनंतर आपण किती पुढे वाहवत जातो याचा अंदाज येतो.

प्रश्न : बारा वर्षं ख्याल शिकते. गुरुजींनी दिलेलं चोख गाते, पण ‘आता तू भर’ म्हणाले की डोकं रिकामं होतं. पाठ केलेलेच आलाप येतात. उपज (गाताना आयत्या वेळी नवं सुचणं) मुळातच असावी लागते का? (मै. दे., ठाणे)

चित्रकाराला खरवडायची सोय आहे, कवीला खोडायची. तुम्हाला सुचणं, निवडणं आणि करणं एकाच श्वासात उरकावं लागतं, आणि चूक झाली तर ती सगळ्यांनी ऐकलेली असते. त्यामुळे डोकं रिकामं होत नाही, उलट भरतं : ‘हे बरोबर आहे का, गुरुजींना चालेल का.’ २००८ साली चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून वाजवायला लावलं. पाठ केलेली धून सोडून ते मनाने वाजवू लागले, तेव्हा स्वतःवर पहारा ठेवणारा मेंदूचा पुढचा भाग शांत झाला. ख्यालाचं नेमकं तसंच होतं असं म्हणण्याचा हा पुरावा नाही, पण पहारा आणि उपज एका वेळी नीट चालत नाहीत हे गाणाऱ्यांना त्याआधीही ठाऊक होतं.

पहारा कमी करायचा तर निवड कमी करा. यमन घ्या, विलंबित एकताल (बारा मात्रांचा, संथ लयीत), मात्रेला साधारण चार सेकंद, म्हणजे आवर्तन पाऊण मिनिटाचं. स्वर फक्त तीन : मंद्र नी, रे, ग. पाच आवर्तनं या तिघांवरच काढायची, षड्जाला विश्रांतीपुरतंच यायचं. तीन स्वरांच्या उलटसुलट जुळण्या सहाच होतात. तीव्र मध्यम घेतला की २४, पंचमासकट १२०. मेरुखंडाचा, म्हणजे स्वरांच्या सगळ्या जुळण्या मांडण्याच्या पद्धतीचा, हिशोब हाच. वहीत २४ लिहून काढा आणि प्रत्येक गाऊन बघा. काही यमनच्या चलनात बसतील, काही कानाला टोचतील. टोचणाऱ्यांवर फुली मारा. ही फुली मारण्याची समज म्हणजे निम्मी उपज. पण २४ जुळण्या त्याच क्रमाने गात बसलात तर तो पलटा, म्हणजे नुसता गळ्याचा सराव झाला. म्हणून प्रत्येक आवर्तनात जुळणी एकच आणि ती तीन तऱ्हांनी : कुठल्या स्वरावर थांबायचं, किती वेळ थांबायचं, आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) कुठे घ्यायची, एवढंच बदलायचं.

अडखळायची जागा बहुतेक ठरलेली असते, नवव्या-दहाव्या मात्रेपाशी. तिथे समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर अचूक येण्याची, भीती वाटते आणि गळा पाठ केलेल्या तुकड्याकडे धावतो. आठवडाभर उलटं करा : आठवी मात्रा झाली की गप्प. तंबोरा ऐका, आणि मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) जिथून उचलायचा तिथून उचलून समेवर या. समेला पोचण्याची खात्री बसली की आधीच्या आठ मात्रा मोकळ्या होतात. तबल्याचं ॲप रोज एकाच लयीला लावू नका, दोन-चार ठोक्यांनी मागेपुढे करा, नाहीतर गळा लय ऐकायचं सोडून ती पाठ करतो.

रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकू नका. मनात काय होतं ते ताजं असतं, म्हणून न गायलेलंही ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी ऐका आणि फक्त एक तुकडा निवडा, जो तुम्हाला कोणी शिकवला नव्हता. महिन्यात असे आठ-दहा मिळाले तरी पुष्कळ.

घराण्याचाही विचार करा. किराण्यात एकेका स्वराची बढत, ग्वाल्हेरात बंदिशीच्या अंगाने भरणं, जयपूरमध्ये लयीशी गुंफलेले पेच. सुचण्याची जागाच निराळी असते. ग्वाल्हेरची तालीम घेऊन किराण्यासारखा एकेक स्वर उलगडत नाही म्हणून रडत असाल, तर ते रडणं चुकीच्या दारात आहे. तुमच्या पत्रात घराणं लिहिलेलं नाही. ग्वाल्हेर असेल तर वरचे तीन स्वर बंदिशीच्या शब्दांवर घ्या, नुसत्या ‘आ’कारात नको.

एक आठवण करून द्यावीशी वाटते. ऑपेरा हाउसजवळ देवधर मास्तरांकडे शिकलेले कुमार गंधर्व १९४७ पासून जवळपास पाच वर्षं क्षयामुळे गाऊ शकले नाहीत. देवासला अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले, आणि पुढे त्या धुनांतून नवे राग उभे राहिले. तुम्ही बारा वर्षं गाताय. इतरांचं गाणं आठवड्याला किती तास ऐकता, ते पत्रात नाही.

प्रश्न : गोरेगावात दैनिक मालिकेचे संवाद लिहितो. रोज एक एपिसोड. स्वतःची एकांकिका तीन वर्षं अडलीय. हुकमावर लिहून खरी सर्जकता मरते का? (नि. गा., गोरेगाव)

हुकमाने मरत नाही. राजशेखराच्या यादीत प्रायोजनिकालाही कवीच म्हटलंय. हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते, अरुण कोलटकर जाहिरातीत आर्ट डायरेक्टर होते. पण लिहायला बसण्याआधी मनात काय घोळतं याचा परिणाम होतो. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७२ लिहिणाऱ्यांना कविता लिहायला दिल्या. मधे एका गटाला पैसा, नाव अशा बाहेरच्या कारणांची यादी क्रमाने लावायला सांगितली, दुसऱ्याला लिहिण्यातल्या आनंदाच्या कारणांची. पाचच मिनिटांचं काम. नंतरच्या कवितांत पहिल्या गटाची सर्जकता स्पष्ट घसरली.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तुमचे. म्हणजे तीन वर्षं तुम्ही ‘पुढे काय घडतं’ हे ठरवलेलंच नाही. एकांकिका अडली असेल तर बहुधा तिथेच. ती संवादांनी सुरू करायचं बंद करा. आधी एक पान नुसत्या घटना, एकही अवतरणचिन्ह न वापरता. पात्राच्या तोंडी वाक्य यायला लागलं की पेन खाली ठेवा. लॅपटॉप मालिकेचा, एकांकिकेला वही. वेळ एपिसोड पाठवल्यानंतरची नको, कॉल टाइमच्या (शूटिंगला बोलावलेल्या वेळेच्या) आधीची, आठवड्यातून तीनच दिवस, ४० मिनिटं. प्रोड्युसर ऐन वेळी सीन बदलून मागतात ते दिवस वगळून तीन निघतात का, ते आधी बघा.

प्रश्न : फिरल्याने सुचतं म्हणतात, खरं का? की कटिंग चहा बरा? (एक वाचक, चर्नी रोड)

फिरण्याने सुचतं, पण एकाच प्रकारचं. २०१४ साली स्टॅनफर्डमध्ये ओपेझ्झो आणि श्वार्ट्झ यांनी तपासलं. ‘एकाच वस्तूचे किती उपयोग’ अशा, बरीच उत्तरं असणाऱ्या प्रश्नांत चालणाऱ्यांना बसलेल्यांपेक्षा खूप जास्त सुचलं. एकच नेमकं उत्तर शोधायचं होतं तिथे चालण्याने किंचित नुकसानच झालं. म्हणून नव्या चित्राचे विषय शोधायला मरीन ड्राइव्हवर जा, अडलेलं यमक सोडवायला बसून राहा. उन्हातान्हात पूर्ण साडेतीन किलोमीटर तुडवायची गरज नाही, दहा मिनिटं पुरतात. चहाचं म्हणाल तर तो टपरीपर्यंत चालत जाऊन घ्या, आणि परत आल्यावर आधी सुचलेलं लिहा, मग मेसेज बघा.